वाचक विचारतात : दीड-दोन वर्षांचं मूल आणि योसेमिटीतला तंबू

उन्हाळी सहलींबद्दल आलेल्या पत्रांपैकी बरीच कॅलिफोर्नियातून आहेत आणि त्यातली निम्मीशिम्मी तिथल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाभोवती फिरतात. त्यातली काही निवडली आहेत. शेवटून दुसरं पत्र मात्र पुण्याचं आहे.

मुलगी २० महिन्यांची आहे. जुलैअखेर सासू-सासरे भारतातून येतील, तेव्हा पाचही जणांनी तंबूत राहायचा बेत आहे. जागा कुठली घ्यावी, बुकिंग कधी करावं, किती रात्री राहावं? — फ्रीमॉन्ट

जागा योसेमिटी खोऱ्यातल्या तंबूतळांवरचीच घ्या : अप्पर पाइन्स, लोअर पाइन्स किंवा नॉर्थ पाइन्स. खोरं साधारण १,२०० मीटर उंचीवर आहे. जुलैत तिथे दुपारी ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि पहाटे १३-१४ असतं. ट्वालमी मेडोजचे फोटो कितीही मोह पाडोत, ते २,६०० मीटरवर आहे. तिथे भर उन्हाळ्यातही पहाटे पारा शून्याजवळ उतरू शकतो आणि हवा विरळ असते. पहिल्यांदाच तंबूत झोपणारं पोर आणि साठीपुढची माणसं घेऊन तिथे जाऊ नये.

रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर दर महिन्याच्या १५ तारखेला, पॅसिफिक वेळेनुसार सकाळी ७ वाजता, पाच महिन्यांपर्यंत पुढच्या, एकेका महिन्याच्या तारखा खुल्या होतात. १५ जुलै ते १४ ऑगस्ट या तारखा १५ मार्चला मिळतात. पाइन्समधल्या जागा काही मिनिटांत संपतात, म्हणून पावणेसातलाच लॉगिन करा, कार्ड आधीच भरून ठेवा आणि नकाशा बघून चार-पाच जागांचे क्रमांक कागदावर लिहून ठेवा. जागा स्वच्छतागृहापासून चालत दोन मिनिटांवर असावी, पण त्याला लागून नको. रात्रभर दिवा डोळ्यांवर येतो आणि दार आपटत राहतं. नदीकाठची जागा पोरासाठी सरळ टाळा. भाडं रात्रीला ३६ डॉलर. एका जागेवर मुलं धरून सहा जणांना परवानगी आहे, तेव्हा तुम्ही पाच जण बसता.

बुकिंग हुकलं तर आशा सोडू नका. आदल्या दिवशी रद्द केलं तर रद्द करण्याचे १० डॉलर तर जातातच, वर पहिल्या रात्रीचं भाडंही जातं. त्यामुळे ज्यांचा बेत फिसकटतो ते त्याच्या आधीच जागा सोडतात. शेवटच्या पंधरवड्यात रोज सकाळ-संध्याकाळ डोकावा.

मुक्काम दोन रात्रींचा करा. एकच रात्र म्हणजे संध्याकाळी तंबू ठोकायचा, पोर नव्या जागी रडणार, सकाळी पुन्हा खुंट्या उपटायच्या. दुसऱ्या रात्री मूल जवळजवळ हमखास बरं झोपतं. सासऱ्यांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना जमिनीवर झोपायचा आग्रह करू नका. करी व्हिलेजमध्ये पलंग असलेले कापडी तंबू मिळतात, अप्पर पाइन्सहून तिथे चालत जाता येतं. दिवसभर सगळे एकत्र राहा आणि झोपायला त्यांना तिकडे पाठवा.

रस्ता मर्सेड-मारिपोसावरून जाणारा हायवे १४० घ्या. हायवे १२० वर प्रीस्ट ग्रेडचा घाट लागतो. त्या वळणांवर मागे तोंड करून बसलेलं मूल उलटी करतं, तिथून पुढे सगळ्यांचीच सहल आंबते. पेट्रोल एल पोर्टलला भरून घ्या, खोऱ्यात पंप नाही. नकाशे फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, वाटेत नेटवर्कचा भरवसा नाही.

अस्वलांची फार भीती वाटते. लेकाला रात्री दूध लागतं आणि तो खातोही घरचंच. काय न्यायचं, ठेवायचं कुठे? — सॅन होजे

योसेमिटीत आहेत ती काळी अस्वलं (रंगानं पुष्कळदा तपकिरी). त्यांना तुमच्या लेकात रस नसतो, डब्यात असतो. प्रत्येक जागेवर एक लोखंडी पेटी असते : ४५ इंच रुंद, ३३ इंच खोल आणि १८ इंच उंच. घरून निघण्यापूर्वी कूलर टेपनं मोजा. चाकांचे उभे कूलर १८ इंचांच्या वर जातात, पेटीत मावत नाहीत आणि मग संध्याकाळी धावपळ होते. काढताना-ठेवताना सोडून पेटीची कडी दिवसाही लावलेलीच हवी. अंधार पडल्यावर गाडीत खाण्याचा कणही ठेवायचा नाही. नियम मोडला तर दंड होतो, गाडीही जप्त होऊ शकते. शिवाय अस्वल गाडीचं दार कागदासारखं दुमडतं.

डबे सगळे आठवणीनं पेटीत जातात. घोळ होतो तो वासाच्या वस्तूंत. ओले वाइप्स, रॅशवरचं मलम, टूथपेस्ट, सनस्क्रीन, खोबरेल तेलाची बाटली, तुपाची बुधली, रिकामा कूलर, न धुतलेली बाटली, हे सगळं पेटीत. वापरलेले डायपर झोपण्याआधी अस्वलरोधक कचरापेटीत. ते शेकोटीत टाकू नका, संडासात तर नाहीच. आणि कारसीट! गादीच्या फटीत महिनाभराचे चुरमुरे, बिस्किटं, मनुका साचलेल्या असतात. निघायच्या आदल्या दिवशी कव्हर काढून धुवा, खालचा सांगाडा व्हॅक्यूमनं साफ करा.

रात्रीच्या दुधाचा पेच खरा आहे, कारण तंबूत दूध चालत नाही. झोपण्याआधी टेबलाशीच पोटभर दूध पाजा, दात घासा आणि तंबूत फक्त साध्या पाण्याची बाटली न्या. तरी तो मागेलच. त्यासाठी फ्रीजशिवाय टिकणारे २०० मिलिलिटरचे दुधाचे छोटे खोके पेटीत दर्शनी भागात ठेवा. एकानं डोक्यावरचा दिवा लावून जायचं, दूध बाहेरच पाजायचं, रिकामा खोका परत पेटीत. फोडलेला खोका दोन तासांत संपला नाही तर टाकून द्या. अंगावर पिणाऱ्यांचा प्रश्न अर्थातच सोपा आहे.

खाण्यात फार हौस करू नका. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, हळद, हिंग, जिरं, मीठ असं घरीच भाजून-मिसळून जेवणागणिक वेगळ्या पिशव्यांत भरा. तिथे साडेपाच वाट्या पाणी घालून तीन लिटरच्या कुकरला चार-पाच शिट्ट्या काढल्या की गुरगुटी खिचडी होते. वर मेतकूट. सकाळी नाचणी सत्त्व, दुपारी दशम्या आणि केळं. दोन बर्नरच्या शेगडीला एक पौंडाची प्रोपेनची बाटली दोन्ही बर्नर मोठे ठेवले तर तासभर पुरते. पाच जणांच्या दोन रात्रींना तीन बाटल्या न्या. वारा असेल तर शेगडीची झाकणं उभी करा, नाहीतर अर्धा गॅस वाऱ्यावर जातो. तंबूत किंवा तंबूच्या पडवीत शेगडी कधीही पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

अस्वल आलंच तर मुलाला कडेवर घ्या, सगळ्यांनी एकत्र उभं राहून मोठ्यानं ओरडा आणि त्याला पळायला वाट मोकळी ठेवा. लांबून दिसलं तर ५० यार्डांच्या आत जाऊ नका.

मागच्या वर्षी मुलगा रात्रभर कुडकुडला. जाड दुलई होती, हवेची गादी होती. काय चुकलं? — सॅक्रामेंटो

थंडी वरून नाही, खालून आली. साध्या फुगवायच्या गादीत हवा मोकळी फिरते आणि अंगाची ऊब जमिनीकडे ओढून नेते. त्या गादीवर आणि गादीखालीही घट्ट फोमची घडीची चटई टाका. घडीचा पाळणा नेणार असाल तर त्याच्या तळाखालूनही गार हवा वाहते, तिथेही तीच चटई हवी.

दुलई पोर लाथेनं उडवतंच. त्याऐवजी अंगात घालायची, पाय बंद असलेली झोपायची पिशवी घ्या. तिच्या आत लोकर किंवा पॉलिस्टरचे दोन थर. सुती बनियन घाम शोषतं, ओलं राहतं आणि पहाटे तेच गार पडतं. मोठ्यांच्या स्लीपिंग बॅगेत मुलाला घेऊन झोपू नका : तोंडावर कापड येतं, किंवा ते नको इतकं तापतं. थंडी वाजतेय का हे मुलाच्या हातांवरून ठरवू नका, ते गारच असतात. मानेमागे बोटं घाला. तिथे कोमट लागलं तर ठीक, घाम लागला तर एक थर काढा. रात्रीचा डायपर एक माप मोठा, आत जादा पॅड, आणि तुम्ही झोपताना एकदा बदला. तंबूच्या वरच्या जाळ्या बंद करू नका. श्वासाचं पाणी भिंतींवर साचतं आणि अंथरूण दमट होतं.

आणखी एक अडचण कुणी आधी सांगत नाही. जुलैत जवळजवळ नऊपर्यंत उजेड असतो, साडेसातला झोपणारं मूल झोपतच नाही. आठवडाभर आधीपासून त्याची वेळ रोज दहा-पंधरा मिनिटांनी पुढे ढकला. दिवाणखान्यात तंबू उभारून दोन दिवस त्यात खेळू-झोपू द्या, चेनच्या आवाजाचीही सवय होते. दुपारची झोप मात्र तंबूत नको, उन्हात त्याची भट्टी होते. बाबागाडीत, पाइनच्या सावलीत.

पोराला घेऊन दिवसा करायचं काय? — फ्रीमॉन्ट, दुसऱ्या वाचक

सकाळी एक गोष्ट, संध्याकाळी एक, बस. बाबागाडीसाठी कुक्स मेडोची फेरी आणि लोअर योसेमिटी फॉलचा डांबरी रस्ता उत्तम. धबधबा मात्र ऑगस्टपर्यंत बहुधा आटतो, तो पाहायचा तर मे-जून. मिरर लेकपर्यंतचा रस्ताही डांबरी आहे, पण चढाचा. ग्लेशियर पॉइंटला गाडीनं जाता येतं. उतरताना मुलाचे कान दडतात, घोट-घोट पाणी द्या.

मर्सेड नदीबद्दल कडक राहा. मे-जूनमध्ये ते वितळलेल्या बर्फाचं पाणी असतं, ओढ जबरदस्त आणि वरून शांत दिसणारं. तेव्हा काठावर हात सोडायचा नाही. जुलैअखेर वाळूच्या उथळ काठावर, तेही लाइफ जॅकेट घालून आणि एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर असेल तर.

शेकोटी उन्हाळ्यात संध्याकाळी ५ ते १० एवढीच चालते. लहान मुलं भाजतात ती पुष्कळदा दुसऱ्या दिवशी सकाळी, राखेखालच्या निखाऱ्यांनी आणि तापलेल्या लोखंडी कड्यानं. रात्री पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता, हाताच्या मागच्या बाजूनं ऊब बघा. सकाळी कड्याभोवती खुर्च्या आडव्या लावून ठेवा.

असंच ताडोब्यात तंबूत राहता येईल का? मुलगा दोन वर्षांचा. — पुणे

गाभा क्षेत्रात तंबू ठोकता येत नाही. मुक्काम बफरमधल्या (गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या) कुंपण असलेल्या रिसॉर्टमध्येच करा आणि अंधार पडल्यावर मुलाला खोलीबाहेर सोडू नका, तो बिबट्याचाही मुलूख आहे. एप्रिल-मेमध्ये वाघ दिसतात म्हणून लोक जातात, पण चंद्रपूरचं ४५ अंशांचं ऊन आणि उघडी जिप्सी दोन वर्षांच्या मुलाला झेपणारी नाही. डिसेंबर-जानेवारीत जा आणि सफारी एकच करा. पहाटे उघड्या गाडीत कानटोपी, स्वेटर, वर घोंगडी लागतेच. मंगळवारी सफारी बंद असते, पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असतं.

ऑगस्टअखेरचं बुकिंग आहे. वणव्याच्या धुराचं काय? — सनीव्हेल

निघायच्या आधी तीन दिवस रोज हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (एक्यूआय) बघा. १०० च्या वर असेल तर लहान मुलाला नेऊ नका. त्याच्या तोंडावर एन-९५ मुखवटा बसत नाही आणि तंबूचं कापड धूर अडवत नाही. आदल्या दिवसाची वाट न बघता रद्द करा, म्हणजे १० डॉलरवर भागतं.