डॉटने काढलेल्या आकृतीत मराठी अक्षरांऐवजी चौकोन का येतात?

आपण ग्राफव्हिझ या आकृत्या काढणाऱ्या सॉफ्टवेअरच्या डॉट या आज्ञेने मजकुराच्या फाइलमधून पीएनजी आकृती काढता आणि चौकटींत मराठी नावांऐवजी रिकामे चौकोन दिसतात, असा आपला प्रश्न आहे. दोष बहुधा आपल्या स्क्रिप्टचा, म्हणजे त्या मजकुराच्या फाइलचा, नसून फॉन्टचा आहे. डॉट मूळ मजकूर यूटीएफ-८ या सर्व लिप्या सामावणाऱ्या संकेतप्रणालीमध्येच आहे असे गृहीत धरते. परंतु फॉन्ट सांगितला नाही, तर ती टाइम्स रोमन मागते, ज्यात देवनागरी अक्षरेच नसतात, आणि यंत्रावर पर्यायी देवनागरी फॉन्टही नसेल, तर चौकोन उमटतात. बिनपडद्याच्या सर्व्हरवर हे बऱ्याचदा घडते. तेथे नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट बसवावा, एफसी-लिस्ट या फॉन्टची यादी दाखवणाऱ्या आज्ञेने तो दिसतो याची खात्री करावी आणि स्क्रिप्टच्या आरंभी नोड (चौकट) व एज (बाण) या दोहोंच्या फॉन्टनेम गुणधर्मात ते नाव अवतरणचिन्हांत लिहावे. एज विसरल्यास बाणांवरील अक्षरे जुन्याच फॉन्टची राहतात. ही चूक मीही केली आहे.

पीएनजी या चित्राऐवजी एसव्हीजी या रेषा व मजकूर वेगळे ठेवणाऱ्या प्रकारात आकृती काढल्यास अक्षरे मजकूर म्हणूनच राहतात, म्हणजे शोधता येतात; मात्र फॉन्ट फाइलमध्ये समाविष्ट होत नाही. चौकटीची रुंदी आकृती काढणाऱ्या यंत्रावर मोजली जाते आणि अक्षरे पाहणाऱ्याच्या यंत्रावर उमटतात, त्यामुळे दोन्हीकडचे फॉन्ट वेगळे असल्यास ‘कार्यकारी अभियंता’सारखे लांब नाव चौकटीबाहेर जाते. कार्यालयात वाटावयाची आकृती म्हणूनच मी पीडीएफमध्ये काढतो, कारण तिच्यात फॉन्ट फाइलमध्येच समाविष्ट होतो.