संत्र्याच्या पैशातून घरी सौना घ्यावा का?

वरुड तालुक्यातल्या एका संत्रा बागायतदार वाचकांचा प्रश्न आहे. आंबिया बहाराचा सौदा होऊन साडेसहा लाख हाती आले. सोसायटीचं २ लाख ४० हजारांचं पीककर्ज बाकी आहे. मुलगा फिनलंडमध्ये टाम्पेरेला नोकरी करतो. गेल्या हिवाळ्यात तिकडे सौनात, म्हणजे हीटरनं तापवलेल्या लाकडी खोलीत, बसल्यावर त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे काकूंच्या, गुडघ्यांना आराम पडला. आता घरामागे ६ किलोवॉट हीटरचा, ४ लाख २० हजारांचा सौना बसवायचा आहे. निम्मे पैसे मुलगा देणार. वीज शेतातल्या पंपाच्या लाइनवरून घेतली तर चालेल का, असंही त्यांनी विचारलंय.

काका, काकूंना आराम पडला ही गोष्ट मी हलकी धरत नाही. जन्मभर बगीच्यात राबलेल्या माणसांनी स्वतःच्या सुखावर खर्च करायलाच हवा. तरी यंदा हा सौना घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगतो.

मला किमतीपेक्षा वापराचे दिवस खटकतात. फिनलंडची लोकसंख्या सुमारे ५५ लाख आणि सौना ३० लाखांच्या घरात, कारण तिथली थंडी लवकर हटत नाही. आपल्याकडे मार्च लागला की घराच्या भिंतीच तापतात. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना ८० अंशांच्या खोलीत कोण बसेल? खरा वापर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आठवड्यातून चारदा बसलात तरी वर्षाला सत्तरेक वेळा. सौना बारा वर्षं टिकला असं धरलं तर वर्षाला ३५,००० रुपये, म्हणजे वीज सोडून एका वेळेचे ५०० रुपये. मुलगा निम्मे देतो म्हणून हा आकडा कमी होत नाही, तोही घरचाच पैसा. (मुलानं आईवडिलांना भेट म्हणून पाठवलेल्या रकमेवर तुम्हाला आयकर लागत नाही, ती चिंता नको.)

आता वीज. खोली तापायला अर्धा-पाऊण तास आणि पुढे बसण्याचा वेळ धरला तर एका वेळेला सातेक युनिट, महिन्याला सव्वाशेच्या आसपास. घरचा वापर आधीच दोनशे युनिट असेल तर तुम्ही ३०० च्या वर जाता आणि वरची युनिटं महागड्या टप्प्यात पडतात. थ्री फेज जोडणी घेतलीत तर तिचा जास्तीचा स्थिर आकार बाराही महिने भरावा लागेल, सौना मात्र चारच महिने तापेल. शिवाय गावच्या डीपीवर संध्याकाळी व्होल्टेज पडतं. २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले की ६ किलोवॉटचा हीटर साडेचार किलोवॉटचंच काम करतो. खोली तापायला वेळ लागतो आणि काकू वाट बघत बसतात. पंपाच्या लाइनचा विचार तर डोक्यातून काढूनच टाका. विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते.

देखभालीकडेही बघा. आपल्याकडे बहुतेक लाकडांना वाळवी लागते. पावसाळ्यात बंद खोलीला बुरशी धरते, म्हणून वापर नसतानाही अधूनमधून तापवून हवा खेळवावी लागते. हीटरवरचे दगड तापून-थंड होऊन तडकतात, काही वर्षांनी बदलावे लागतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हातातली रक्कम. सोसायटीचं कर्ज मुदतीत फेडलं तरच व्याजसवलत टिकते, तेव्हा ते आधी फेडा. उरले ४ लाख १० हजार. त्यातून सौनाचा तुमचा निम्मा वाटा दिला की बरोबर २ लाख राहतात, आणि त्यात पुढच्या बहारापर्यंत घरही चालवायचं, खत-फवारणीही करायची. एक मोठी फळगळ झाली तर पुन्हा कर्ज काढावं लागेल. इतक्या कमी पैशावर तुम्हाला वर्ष काढायला लावणं मला पटत नाही.

मी असतो तर कर्ज फेडून उरलेले पैसे तीन-चार वेगवेगळ्या मुदत ठेवींत टाकले असते, म्हणजे गरजेला एकच मोडता येते. मुलाचे २ लाख १० हजार काकूंच्या नावावर वेगळे ठेवा. त्यातून आधी अमरावती किंवा नागपूरला हाडांच्या डॉक्टरांकडून गुडघे तपासून घ्या, फिजिओथेरपी सांगितली तर ती पूर्ण करा. उष्णतेनं दुखणं तात्पुरतं हलकं होतं, सांध्याची झीज भरून येत नाही. दोघांपैकी कुणाला रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी सुरू असेल तर सौनाबद्दलही तिथेच विचारा.

पुढच्या दिवाळीनंतरही इच्छा कायम असेल तर एक-दोन माणसांच्या इन्फ्रारेड कॅबिनचा, म्हणजे उष्ण किरणांनी थेट अंग शेकणाऱ्या छोट्या खोलीचा, विचार करा. ती दीड-दोन किलोवॉटवर, घरातल्या १६ अँपिअरच्या प्लगवर चालते. त्यात ४५ ते ६० अंशांचीच ऊब असते आणि दगडांवर पाणी टाकून निघणारी वाफ नसते, म्हणून काकूंना टाम्पेरेसारखं वाटेलच असं नाही. घेण्याआधी नागपूरला एखाद्या ठिकाणी त्यांना त्यात बसवून बघा. आणि विक्रेत्याकडून लेखी घ्या: लाकडावर वाळवीची प्रक्रिया केलेली आहे का, आणि बिघाड झाल्यास वरुडपर्यंत माणूस किती दिवसांत, किती रुपयांत येईल.