शब्दच तर आहे, मग एवढं का लागतं?

माझ्याकडे येणारे बरेच जण फिरून फिरून एकच विचारतात, मॅडम कोणीतरी काहीतरी बोलून जातं आणि माझ्या डोक्यातून ते जातच नाही, मी जास्तच सेन्सिटिव्ह आहे का? त्यातलीच एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

पस्तिशीचा माणूस, बँकेत नोकरी, घरी बायको, लहान मुलगी आणि रिटायर्ड वडील. लहानपणापासून काही चुकलं की वडिलांचा ठरलेला शब्द, 'बिनडोक'. आजही गॅसचा नंबर लावायचा राहिला तरी तोच, आणि आता नातीसमोर. मग याचा अख्खा दिवस जातो, समोर फाइल उघडी आणि हा मनातल्या मनात वडिलांशी भांडतोय. बायको म्हणते सोडून द्या ना, त्यांची सवयच आहे ती. (सोडून द्या म्हणणारे ढीगभर असतात, कसं सोडायचं ते कोणी सांगत नाही.)

मी कागदावर लाल, हिरव्या, निळ्या स्केचपेनने शब्द लिहिले आणि सांगितलं, वाचायचं नाही, फक्त शाईचा रंग सांगायचा. खिडकी, चमचा, टेबल, पटापट गेला. मध्येच 'नापास' आणि 'बिनडोक' आले, तिथे अडखळला आणि स्वतःच हसायला लागला. याला इमोशनल स्ट्रूप म्हणतात. स्ट्रूप या मानसशास्त्रज्ञाचा मूळ प्रयोग 1935 चा, त्यात रंगांचीच नावं भलत्याच रंगात छापलेली होती, पुढे संशोधकांनी भीतीचे-काळजीचे शब्द घालून पाहिले तर ज्याला ज्याची धास्ती त्या शब्दापाशी तो जास्त वेळ घेतो असं दिसलं. आता हे घरी करून स्वतःला लेबल लावू नका, एखाद-दुसऱ्या शब्दावरून काही सिद्ध होत नाही. मी केलं कारण तो सारखं म्हणत होता 'मी लक्षच द्यायला नको', आणि लक्ष द्यायचं की नाही हे आपण ठरवायच्या आधीच ते गेलेलं असतं. भावनिक शब्द आणि साधा शब्द यातला फरक ईईजीमध्ये, म्हणजे डोक्याला सेन्सर लावून मेंदूतले विजेचे संकेत टिपतात त्यात, पाव सेकंदाच्या आसपासच दिसायला लागतो. म्हणजे यात मनाने वीक असण्याचा काही संबंधच नाही.

मग त्याने फार छान प्रश्न विचारला. 'आमचे साहेब कॉलवर इंग्रजीत यापेक्षा वाईट बोलतात, मला काहीच होत नाही, ते कसं?' याच्यावरही काम झालंय. 2003 मध्ये तुर्की मातृभाषा असलेल्या, इंग्रजी नंतर शिकलेल्या लोकांच्या बोटांना सेन्सर लावून त्यांना लहान मुलांना रागावतात तशी वाक्यं दोन्ही भाषांत दाखवली-ऐकवली, तर तुर्कीतल्या रागावण्याला शरीराने जास्त रिअॅक्शन दिली. आपल्याकडे वेगळं काय असणार! घरातला शब्द आपण पुस्तकातून शिकत नाही, बाबांचा चेहरा, चढलेला आवाज, कधी पाठीत धपाटा, या सगळ्यासकट तो आत जातो.

उपाय म्हणून आम्ही शब्द विसरायच्या मागे लागलोच नाही. 2007 मध्ये लीबरमन या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी एफएमआरआयमध्ये, म्हणजे मेंदूचा कोणता भाग कामात आहे ते दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, पाहिलं की चेहऱ्यावरच्या भावनेला नाव दिलं की अमिग्डलाची, म्हणजे भीतीशी जोडलेल्या भागाची, हालचाल कमी होते आणि कपाळामागचा एक भाग कामाला लागतो. हे अर्थात लॅबमधलं, आणि कमी होते म्हणजे बंद पडत नाही. पण आम्ही ते धरून वही सुरू केली, त्यात 'वाईट वाटलं' लिहायला बंदी. आधी 'राग आला' आलं, मग 'अपमान', आणि बऱ्याच दिवसांनी 'लेकीलाही हेच वाटेल याची भीती'. खरी गाठ तिथे होती.

त्यानंतर तो वडिलांशी बोलला, फक्त एवढंच, 'बाबा, मला काय बोलायचं ते बोला, पण तिच्यासमोर तो शब्द नको.' वडील दोन दिवस फुगून बसले. आता नातीसमोर बोलत नाहीत, एरवी अजूनही बोलतात. आणि त्याला अजूनही लागतं, पण दुपारच्या डब्यापर्यंत ओसरतं म्हणाला.

तुमचं मात्र कोणाच्या बोलण्याने झोप, जेवण, काम आठवडेच्या आठवडे बिघडलं असेल, किंवा जगणंच नको वाटत असेल, तर वहीवर थांबू नका, समोरासमोर एखाद्या समुपदेशकाला किंवा डॉक्टरला भेटा. 14416 ही टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीतही बोलता येतं.