वाचकांचे प्रश्न : पदवी एका देशाची, वर्ग दुसऱ्या देशातला

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे एकाच अडचणीबद्दल आहेत. एका देशात शिक्षक म्हणून घडलेल्या माणसाला दुसऱ्या देशात शिकवायचे असेल, तर त्याची पदवी तिथे कोण मान्य करतो आणि कशाच्या आधारावर, असे बहुतेकांनी विचारले आहे. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांतील पाचांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी अकरा वर्षे माध्यमिक वर्गांना गणित शिकवते. माझी पदवी तीन वर्षांची आणि बी.एड. एक वर्षाचे आहे. परदेशातील एका मूल्यांकन संस्थेने माझी पदवी तेथील पदवीच्या बरोबरीची असल्याचे लेखी दिले. ते पत्र जोडून मी शिक्षक नोंदणीसाठी अर्ज केला, तेव्हा नोंदणी मंडळाने ‘पात्रता अपुरी’ असा शेरा मारून तो परत पाठवला. एकाच पदवीबद्दल दोन संस्थांचे मत इतके वेगळे कसे?

उत्तर : दोन्ही संस्थांपुढे वेगवेगळे प्रश्न होते, म्हणून उत्तरेही वेगळी आली. पहिल्या संस्थेने फक्त पातळी तपासली, म्हणजे आपले शिक्षण तेथील पदवीच्या तोडीचे आहे की पदविकेच्या. याला शैक्षणिक समकक्षता म्हणतात. ब्रिटनमध्ये यूके एनिक आणि न्यूझीलंडमध्ये एनझेडक्यूए अशा संस्था हे काम करतात. नोंदणी मंडळाला मात्र ही व्यक्ती उद्या सकाळी एका वर्गाची जबाबदारी एकटीने घेऊ शकेल का, हे ठरवायचे असते. ही व्यावसायिक मान्यता झाली आणि तिची मापे निराळी आहेत. आपली अकरा वर्षांची नोकरीही येथे सहसा मूळ प्रशिक्षणाची जागा घेत नाही. अनुभवी शिक्षकांच्या मनाला हेच सर्वांत जास्त लागते, आणि ते लागणे मला अगदी समजू शकते.

ही मापे कशी असतात, ते ऑस्ट्रेलियाच्या उदाहरणावरून पाहू. तेथे स्थलांतर करू इच्छिणाऱ्या शिक्षकांची पात्रता ‘एआयटीएसएल’ ही संस्था तपासते. उच्च शिक्षणाची किमान ४ वर्षे, त्यांत शिक्षक प्रशिक्षणाचे किमान १ वर्ष आणि त्या प्रशिक्षणात देखरेखीखालील सराव अध्यापनाचे किमान ४५ दिवस, अशी तिची अट आहे. आपली वर्षे भरतात. गाडी अडते ती बहुधा या ४५ दिवसांपाशी, कारण तो सराव ज्या वयोगटासाठी अर्ज केला आहे त्याच वयोगटाच्या शाळेत झालेला असावा लागतो आणि कागदावर दिसावाही लागतो. इंग्रजीसाठी आयईएलटीएसच्या अकॅडेमिक परीक्षेत वाचन व लेखनात ७ आणि श्रवण व संभाषणात ८ गुण लागतात. शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाले, एवढ्यावर सूट मिळत नाही. ती ठरावीक देशांत शिकलेल्यांनाच आहे. शिवाय हे मूल्यांकन मिळाले तरी ते व्हिसासाठीच उपयोगी पडते. शाळेत रुजू होण्यापूर्वी त्या त्या राज्याच्या नोंदणी संस्थेकडे पुन्हा अर्ज करावा लागतो.

जर्मनीत अडचण वेगळीच येते. तेथील माध्यमिक शिक्षक साधारणपणे दोन विषयांचा असतो आणि विद्यापीठात दोन्ही विषय शिकलेला असतो. केवळ गणित घेऊन आलेल्या शिक्षिकेला दुसरा विषय नव्याने शिकून घ्या, असे सांगितले जाऊ शकते. शालेय शिक्षण १६ राज्यांच्या अखत्यारीत असल्यामुळे एका राज्याचे उत्तर दुसऱ्या राज्यात लागू पडेलच असे नाही. इंग्लंडने फेब्रुवारी २०२३ पासून ‘क्यूटीएस’ या शिक्षक दर्जासाठी परदेशी शिक्षकांना नवी वाट खुली केली. मात्र काही देशांच्या शिक्षकांसाठी ती ११ ते १६ वयोगटाला गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवणाऱ्यांपुरतीच मर्यादित ठेवली. आपला विषय गणित असल्याने हा मार्ग पाहण्यासारखा आहे. हा दर्जा इंग्लंडपुरता असून स्कॉटलंडची नोंदणी स्वतंत्र आहे, एवढे ध्यानात असू द्यावे.

आता आपल्या हातातील काम. ‘पात्रता अपुरी’ हे दोन शब्द स्वीकारून गप्प बसू नये. काय अपुरे आहे, सरावाचे दिवस, विषयाचा अभ्यास, वयोगट की नुसताच एखादा कागद, हे मंडळाकडून लेखी मागवावे. पदव्यांच्या मान्यतेबाबतच्या १९९७ च्या लिस्बन कराराने एक चांगले तत्त्व रुजवले आहे : मान्यता नाकारायची असेल तर दोन शिक्षणांत मोठा फरक असल्याचे दाखवण्याची जबाबदारी नाकारणाऱ्या संस्थेची आहे आणि अर्जदाराला अपिलाचा हक्क आहे. तो करार शैक्षणिक मान्यतेचा आहे आणि सगळ्या देशांना बांधतही नाही. तरीही कारण विचारण्याची ती रीत सगळीकडे उपयोगी पडते. माझ्या पाहण्यात आलेल्या अशा नकारांपैकी बरेचसे पात्रतेच्या उणिवेपेक्षा पुराव्याच्या उणिवेमुळे आलेले होते. पुढचे पत्र त्याबद्दलच आहे.

प्रश्न : माझ्या गुणपत्रकावर सराव अध्यापनाचे केवळ गुण आहेत, तास किंवा दिवस नाहीत. ज्या महाविद्यालयात मी शिकलो ते आता बंद पडले आहे. नोंदणी मंडळ ‘सरावाचा तपशील’ मागत आहे. मी काय करावे?

उत्तर : असे एक गुणपत्रक नुकतेच माझ्यासमोर आले होते. दोन वर्षांच्या साऱ्या सरावासाठी त्यावर एकच ओळ होती : ‘सराव अध्यापन, २५० पैकी २१२’. ज्याने ते २१२ गुण मिळवले त्याला त्या ओळीत शाळेतले आठवडे दिसतात, मागच्या बाकावर बसून टिपणे काढणारे निरीक्षक दिसतात, फसलेला पहिला पाठही दिसतो. हजारो मैलांवर फाइल तपासणाऱ्या कर्मचाऱ्याला मात्र एका संख्येपलीकडे काहीच दिसत नाही, आणि त्याने अंदाज बांधावा अशी अपेक्षाही करता येत नाही.

महाविद्यालय बंद झाले तरी ते ज्या विद्यापीठाला जोडलेले होते त्याच्याकडे परीक्षांचे अभिलेख राहतात, तेव्हा पहिला अर्ज तेथे करावा. त्यात नुसते ‘सरावाचे प्रमाणपत्र द्यावे’ असे लिहिल्यास पुन्हा तसलेच एका ओळीचे पत्र हाती येईल. पत्रात काय हवे ते आपणच सविस्तर लिहून द्यावे. सराव कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चालला आणि एकूण किती दिवस भरले, विद्यार्थी कोणत्या इयत्तांचे व किती वयाचे होते, विषय कोणता, निरीक्षणाखाली किती पाठ झाले आणि देखरेख कोणी केली, हे सर्व त्यात यायला हवे. त्या वर्षी लागू असलेल्या अभ्यासक्रमाची प्रतही मागावी, कारण किती दिवसांचा सराव सक्तीचा होता हे तिच्यात छापलेले असते आणि वैयक्तिक नोंदी सापडल्या नाहीत तरी हा आधार उरतो. हे पत्र आपल्या हातून जाण्याऐवजी विद्यापीठाने मंडळाकडे थेट पाठवलेले चांगले. कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या शिक्षक मंडळासारख्या अनेक संस्था महत्त्वाचे कागद मूळ संस्थेकडूनच घेतात आणि अर्जदाराने फोडलेला लिफाफा त्यांना चालत नाही.

आपली पाठटाचणाची वही जपून ठेवली आहे का? प्रत्येक पाठाखाली तारीख, इयत्ता आणि निरीक्षकाची सहीनिशी टिप्पणी असलेली ती वही मुख्य पुरावा म्हणून पुरणार नाही, पण विद्यापीठाच्या पत्राला जोड म्हणून तिची निवडक पाने भाषांतरासह देण्यास हरकत नाही. जे सध्या बी.एड. करत आहेत त्यांनी वह्या रद्दीत घालू नयेत आणि तपशिलाचे पत्र पदवीदानापूर्वीच मागून घ्यावे. तेव्हा जे काम एका अर्जात होते, त्यालाच दहा वर्षांनी चार कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागतात.

प्रश्न : सर्व प्रमाणपत्रांवर अपोस्टिल करून घेतले आहे. आता माझी पदवी परदेशात मान्य झाली, असे समजावे का?

उत्तर : नाही. अपोस्टिल ही ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारातील सोय आहे. कागदावरील सही, सही करणाऱ्याचा अधिकार आणि शिक्का खरा आहे, एवढेच ती सांगते. कागदात काय लिहिले आहे त्याच्या मोलाबद्दल ती काहीही बोलत नाही. शिवाय ती करारातील देशांतच चालते. चीनमध्ये हा करार नोव्हेंबर २०२३ पासून आणि कॅनडात जानेवारी २०२४ पासून लागू झाला. संयुक्त अरब अमिराती करारात नसल्याने तेथे वकिलातीमार्फत साक्षांकनाची जुनी साखळी पूर्ण करावी लागते. शिक्क्यांवर खर्च करण्यापूर्वी नोंदणी मंडळाने ते मागितले आहेत का, हे पाहावे. पुष्कळदा मागितलेले नसतात.

प्रश्न : माझे बी.एड. दूरशिक्षणाने झाले आहे. ते बाद ठरेल का?

उत्तर : दूरशिक्षण एवढ्याच कारणाने सर्वत्र बाद ठरत नाही. देखरेखीखालील सराव प्रत्यक्ष वर्गात झाला का, यावर बरेच अवलंबून असते. नोकरीत असताना ज्यांनी बी.एड. केले, त्यांपैकी अनेकांनी आपल्याच शाळेतील रोजचे तास ‘सराव’ म्हणून दाखवलेले असतात. त्या तासांना प्रशिक्षण संस्थेचा निरीक्षक आला होता आणि त्याची नोंद आहे, असे सिद्ध करता आले तरच ते मोजले जाण्याची आशा धरावी.

प्रश्न : मान्यतेला फार वेळ लागेल असे दिसते. तोपर्यंत तिकडे जाऊन शिकवता येते का? एक मध्यस्थ ‘मान्यतेची हमी’ देत आहे. त्याच्याकडे काम सोपवावे का?

उत्तर : काही ठिकाणी तशी मुभा आहे. इंग्लंडमध्ये परदेशी प्रशिक्षित शिक्षकाला ‘क्यूटीएस’शिवाय स्थानिक प्रशासनामार्फत चालणाऱ्या सरकारी शाळांत जास्तीत जास्त ४ वर्षे शिकवता येते, तर खाजगी शाळांवर त्या दर्जाची कायदेशीर सक्ती नाही. अमेरिकेत जे-१ व्हिसावरील शिक्षक विनिमय योजनेसाठी किमान २ वर्षांचा अनुभव लागतो. मुक्काम ३ वर्षांचा असून तो ५ वर्षांपर्यंत वाढू शकतो, पण ज्या राज्यात शिकवायचे त्याचे निकष तेथेही पूर्ण करावे लागतात. इंग्लंडमध्ये पहिल्या तासापासून त्या ४ वर्षांचे घड्याळ चालू होते, हे विसरू नये. दर्जासाठीचा अर्ज चौथ्या वर्षावर ढकलणाऱ्यांची शेवटी फार धावपळ होते.

मध्यस्थाबद्दल सांगायचे तर, निर्णय नोंदणी मंडळ घेते आणि त्याची हमी दुसरा कोणीही देऊ शकत नाही. अर्ज भरणे, भाषांतर करून घेणे, पाठपुरावा करणे ही कामे आपण पैसे देऊन करून घेऊ शकता, पण मंडळाकडील खाते स्वतःच्या ईमेलवर उघडावे आणि मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही हाती देऊ नयेत. मंडळाचे ‘आणखी एक कागद पाठवा’ असे पत्र मध्यस्थाच्या ईमेलमध्ये पडून राहिल्यामुळे मुदत टळून गेलेला एक अर्ज मी पाहिला आहे. त्या शिक्षकाला शुल्क पुन्हा भरावे लागले, आणि दरम्यान इंग्रजी परीक्षेच्या निकालाची २ वर्षांची मुदत संपल्यामुळे ती परीक्षाही पुन्हा द्यावी लागली.