ऑलिम्पियाडच्या गणितासाठी अमळनेरची शाळा सोडून जळगावच्या सीबीएसई शाळेत जावं का?

नाही, फक्त गणितासाठी आठवीतल्या मुलीची शाळा बदलू नका. मी नववी-दहावीला गणित शिकवतो. सीबीएसईच्या दहावीत 'स्टँडर्ड' आणि 'बेसिक' असे दोन पेपर आहेत म्हणून स्टँडर्ड म्हणजे वरच्या पातळीचं गणित, असं पुष्कळ पालक धरून चालतात. पण दोन्हींचा अभ्यासक्रम अन् पुस्तक एकच, फरक फक्त प्रश्नपत्रिकेच्या काठिण्याचा. ऑलिम्पियाडच्या पहिल्या पायरीला, म्हणजे आयओक्यूएम या पात्रता परीक्षेला, कुठल्याही बोर्डाचं मूल आठवीपासून बसू शकतं. तिथं लागणारा संख्या सिद्धांत (नंबर थिअरी) आणि मोजणीच्या युक्त्या तशाही कुठल्याच शाळेत नीट होत नाहीत. त्या घरी बसून, वही भरूनच येतात.

तिला एक गणित घाला: ७ चा १०० वा घात काढला तर एकक स्थानी कोणता अंक येईल? ७, ९, ३, १ हे अंक फिरून फिरून येतात हे तिचं तिला सापडलं, तर तिला शाळेपेक्षा वेळ हवाय. रोज ५० किलोमीटरच्या वर जाऊन परत येण्यात तोच वेळ जाईल, हा माझा मोठा आक्षेप.

हं, सध्याच्या शाळेत नववी-दहावीला गणिताचा शिक्षकच नसेल तर मात्र जरूर बदला, पण नववीच्या सुरुवातीलाच. सीबीएसई दहावीची नोंदणी नववीत करते, त्यामुळे नंतर बोर्ड बदलणं फार अवघड जातं.