मॉडेल रेल्वेच्या सीनरीतले रस्ते आणि भिंती खेळण्यातल्या वाटतात, जुन्या-खऱ्या कशा दिसतील?

बहुतेक तुम्ही रस्त्याला काळा रंग दिला असणार, मीही पहिल्यांदा तेच केलं होतं. डांबरी रस्ता नवा असतानाच काळा असतो हो, नंतर डांबर झिजून खडी वर येते आणि तो राखाडी पडतो. त्यात एचओ म्हणजे १:८७ या मापाला (मॉडेल खऱ्याच्या ८७ पट लहान) आपण ७० सेंटिमीटरवरून बघतो तेव्हा प्रत्यक्षातले साठेक मीटर झाले, एवढ्या लांबून काळं काही काळं दिसत नाही. म्हणून राखाडीत पांढरा आणि किंचित मातकट रंग मिसळा, वाटतो त्यापेक्षा फिकटच ठेवा.

रस्त्याला मी २२० नंबरचा पॉलिश पेपर वापरतो, फेविकॉलने चिकटवून. पावणेचार मीटरचा एकेरी रस्ता ४३ मिलिमीटर होतो, लोक उगाच हायवेएवढा रुंद करतात. कडा कात्रीने सरळ कापू नका, बोटाने कुरतडा, आपल्याकडे कुठल्या रस्त्याची कड शाबूत असते! मग चाकं जातात तिथे दोन गुळगुळीत पट्टे, मध्ये इंजिन ऑइलची अस्पष्ट काळपट रेघ, आणि एक-दोन ठिगळं मात्र गडद, कारण ती नंतर मारलेली.

भिंतीत खरी मजा आहे. माझा लेआउट, म्हणजे रूळ आणि आजूबाजूचा देखावा, कोकणातल्या छोट्या स्टेशनचा, त्यामुळे जांभ्याचा चिरा. सनबोर्डवर (फोमचा हलका बोर्ड) संपलेल्या बॉलपेनने सांधे कोरतो, एक चिरा साधारण ४ मिलिमीटर लांब, आणि जुन्या टूथब्रशने ठोकून भोकं पाडतो. आधी पिवळसर तांबडा, चार-पाच चिरे वेगळ्या छटेचे, मग तपकिरी अॅक्रिलिक भरपूर पाण्यात पातळ करून भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकायचा म्हणजे ते सांध्यात नीट उतरतं, आणि हे करताना भिंत आडवीच ठेवा, उभी धरलीत तर सगळं ओघळून खाली जमतं.

पुढचं सगळं पाऊस कुठून येतो त्यावर. भिंतीच्या माथ्यावर काळं, तिथून खाली ओघळ, पण पत्र्याच्या वळचणीखाली कोरडंच. बुंध्याला हिरवट शेवाळ आणि जमिनीपासून फूटभर, म्हणजे साडेतीन मिलिमीटर, तांबड्या चिखलाचे शिंतोडे. शिंतोड्यांशिवाय कोकणातली भिंत मला तरी पटत नाही. डाग कुठेही मारले की ते मळलेलं दिसतं, जुनं नाही.

शेवटी सॉफ्ट पेस्टलची (खडूसारख्या रंगकांडीची) पूड ब्रशने लावा. मॅट वार्निशचा स्प्रे मारणार असाल तर पूड दुप्पट लावा नाहीतर ती जवळजवळ गायब होते, माझी दोन संध्याकाळची मेहनत अशीच गेली आणि बायको म्हणाली, छान, नवीन भिंत बांधलीस का?