मुंबईत भरलेली वही भुसावळात का थांबते?

प्रश्न : मुंबईच्या काळा घोडा भागात चार दिवस राहिलो, स्केचबुकाची वीस पानं भरली. भुसावळला परतल्यापासून एक रेघ उमटलेली नाही. इथं काढण्यासारखं काही नाही, की माझ्यातच काही कमी आहे?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : कमी तुमच्यात नाही. तिथं जहांगीर कलादालन, दगडी कमानी, फुटपाथवर चित्रं मांडून बसलेले कलावंत, सगळं डोळ्यांसमोर आयतं येतं. वही उघडून बसलेल्या माणसाकडे कुणी वळूनही पाहत नाही. आपल्याकडे चौघं खांद्यावरून डोकावतात आणि हात आखडतो. भिंतीला पाठ लावून बसा, वही पोस्टकार्डाएवढीच घ्या.

आता ती वीस पानं पुन्हा उघडा. प्रत्येकाखाली एकच ओळ लिहा : हे का काढलं? कमानीसाठी, सावलीसाठी, की कुणाच्या बसण्याच्या ढबीसाठी? जे उत्तर पाच-सहा वेळा येईल, तो तुमचा विषय. भुसावळात तोच शोधा. कमानी शोधत फिरू नका.

मग एकच जागा धरा, आठवडाभर, रोज वीस मिनिटं. यावल-रावेरच्या रस्त्यावरची केळीची बाग घ्या. पहिल्या दिवशी बहुतेकांचं पान प्लास्टिकचं दिसतं, कारण ते अखंड काढलेलं असतं. वाऱ्यानं केळीचं पान कडेपासून मधल्या दांड्यापर्यंत फाटतं, आणि चिरा शिरांच्या रेषेतच जातात. दुसरी चूक घडाची : घड खाली लोंबतो, पण फणीतली केळी वर वळलेली असतात. ती खाली वळवली की घड खोटा दिसतो. हे तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपोआप दिसू लागतं, म्हणून तर जागा बदलायची नाही.

रेघांवर जलरंग भरणार असाल तर शाई पाण्यानं न पसरणारी हवी. साध्या जेल पेनावर रंग फिरवला की काळे ओघळ येतात. कागद 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड घ्या, पातळ कागद ओला झाला की फुगतो. एप्रिल-मेच्या उन्हात रंग पसरायच्या आतच वाळतो आणि मधेच कडक कडा पडतात. कागद आधी दोन्ही बाजूंनी ओला करा, आणि बाहेर बसून काढायचं काम सकाळी आठच्या आत संपवा.

मुंबईच्या गाडीत चाळीसगाव लागतंच, तिथं एकदा उतरा. केकी मूस (1912–1989) यांनी स्टेशनजवळच्या आपल्या घरातच आयुष्य काढलं आणि टेबलावर दृश्यं मांडून त्यांचे फोटो घेतले. एका टेबलावर किती मावतं, ते त्या फोटोंत दिसतं.

प्रश्न : चित्राखालच्या ओळी प्रमाण मराठीत लिहू, की घरच्या बोलीत?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : मनात जशी उठली तशी, घरची लेवा बोली असो की धुळ्याकडची अहिराणी. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं; त्यांच्या ओव्या घरच्यांनी उतरवून घेतल्या, त्याही बोलीतच. लिहिताना शब्द अडला तर प्रमाण पर्याय शोधू नका, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि त्यांनी उच्चारला तसाच, त्याच दिवशी, पेन्सिलीनं टिपा. दुसऱ्या दिवशी आठवून लिहिला की आपल्या नकळत तो प्रमाण मराठीकडे सरकतो.